सुईवाली अक्का

आई गेल्यानंतर भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना एक किस्सा ठेवून जात असे. मी ते सगळे वहीत उतरवले. ज्या किश्शाला दोन माणसांचा दुजोरा मिळाला नाही, तो बाजूला ठेवला. तरीही वही भरली! त्यांपैकी शेवटचा मी स्वतः पाहिलेला आहे.

आई भालकी तालुक्यातल्या आमच्या आणि आजूबाजूच्या गावांत पशुसखी होती, म्हणजे शेळ्यामेंढ्यांना लस टोचणारी बाई. लोक तिला ‘सुईवाली अक्का’ म्हणत. तिला धास्ती एकच होती : सुई दिल्यावर कोणत्याही कारणाने एक जरी जनावर मेले, तर त्या गावात पुन्हा कुणी आपल्या शेळ्या पुढे करणार नाही, आणि मग साथ आली की कळपच्या कळप मरतील.

*

मेंढरांची संख्या मालक तोंडाने सांगत नाहीत, दृष्ट लागते. मात्र लसीची कुपी फोडली की ती दोन तासांत संपवावी लागे, म्हणून आईला आकडा हवा असे. मेंढपाळ बिराप्पा अण्णा “हायत की, देवाच्या दयेनं” याच्यापुढे जाईनात. उन्हे चढत होती, लसीच्या डब्यातला बर्फ वितळत होता.

“अण्णा, बोलू नका,” आई म्हणाली. “एका मेंढराला एक दाणा. ह्या वाटीत ज्वारी टाका.”

वाटीतले दाणे मोजून आईने कुप्या फोडल्या. अखेरीस चार मेंढरे उरली आणि लस संपली. आईने वाटीतले दाणे पुन्हा मोजले. बिराप्पा खाली बघत म्हणाले, “अक्का, चार दाणे मी तोंडात टाकले व्हते. सवयीनं!”

*

एकदा चिटगुप्प्याहून लस आणताना बस बंद पडली. डब्यातल्या बर्फाचे पाणी झाले. आईला समोर लग्नाचा मांडव दिसला. ती सरळ आत शिरली आणि आईस्क्रीमच्या पेटीत कुप्या ठेवून झाकणावर हात टेकून उभी राहिली.

आचारी धावत आला. “अव्वा, काय ठेवायलीस त्यात?”

“शेळ्यांची लस हाय. बंद कुपी हाय, काही होत न्हाई.”

लस वाचली. त्या लग्नात आईस्क्रीम मात्र एकट्या आईनेच खाल्ले!

*

लस दिलेल्या शेळीच्या कपाळाला आई हळद लावी, म्हणजे दुबार सुई होत नसे. शेजारच्या गावात साथीने शेळ्या पडू लागल्या होत्या, तरी धोंडिबांचा सुईला विरोध होता. आई दारात पोचली, तर त्यांच्या सगळ्या शेळ्यांची कपाळे पिवळीधमक!

“झाल्या की अक्का आमच्या! सकाळीच झाल्या!”

आईने पिशवीतून पुडी काढून त्यांच्यापुढे धरली. “दादा, हळद सरली. आज मी नीळ लावायलेय.”

धोंडिबांनी पहिल्या शेळीचे कान धरले.

*

एका तांड्यावर बोकडाने हिसका दिला आणि सुई आईच्याच बोटात गेली. बायकांनी शेळ्या मागे ओढल्या. एक म्हातारे खाट टाकून आईच्या समोर बसले आणि तिच्याकडे एकटक बघू लागले. आईने बोट धुतले, फडके बांधले आणि तीही बसून राहिली. अर्धा तास कुणी हलले नाही.

शेवटी म्हातारे उठले आणि ओरडले, “मेली न्हाई! सोडा शेळ्या!”

*

मी तेव्हा कलबुर्गीला एम.एस्सी. करीत होते आणि सुट्टीला घरी आले होते. लस दिल्याच्या दुसऱ्या सकाळी काशीबाईंची शेळी मेली. त्यांनी माणसांकरवी ती आमच्या दारात आणून टाकली. मागे निम्मे गाव, आणि सर्वांत मागे त्यांची नवी सून सुवर्णा.

“तुझ्या सुईनं मारली!”

“कापून बघू,” आई शांतपणे म्हणाली. “माझ्या सुईनं मेली असंल, तर ह्या गावात परत डबा आणणार न्हाई.”

“अन् सुईनं न्हाई मेली, तर हिनं मारली!” काशीबाईंनी सुवर्णाकडे बोट केले. “गोठा हिच्याकडं, दाण्याचं पोतंबी हिच्याकडं. मंग ही आजच माहेरी!”

आईने लोकांकडे पाठ करून पोट चिरले. वासाने सगळे मागे सरले. मी तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते, त्यामुळे मला दिसले. कोथळा भिजून फुगलेल्या सोयाबीनने गच्च भरला होता. शेळीने पोत्यात तोंड घातले होते, हे सांगायला पदवी लागत नव्हती.

आईने एकदा मान वर केली. सुवर्णा पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

आईने पोत्याचे फडके शेळीवर ओढले आणि ती उभी राहिली.

“व्हय,” ती म्हणाली. “माझ्याच सुईनं मेली.”

लोक पांगल्यावर मी विचारले, “आई, खोटं कामून बोललीस?”

“हातावर पाणी वत आधी,” आई म्हणाली.