जिवंत सोडलेला बोकड
पळसाच्या ओल्या पानांचा वास आला की मला 'स्केपगोट' हा इंग्रजी शब्द आठवतो. आंबागडाच्या बाजूला आमचं गाव. मी कॉलेजात होतो त्या वर्षी पोळ्याच्या आधी तलावातले मासे मरून वर आले. मासेमारीवर जगणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या पोटावर पाय आला आणि ठपका बसला तलावाच्या राखणदारावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, रोगराई-इडापिडा मारबतीबरोबर गावाबाहेर धाडायच्या रीतीप्रमाणे, दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन सगळे शिवेकडे निघाले. "खासी-खोकला, ढेकूण-मोंगसे घेऊन जा गे मारबत!" अशा आरोळ्या चालल्या होत्या. मध्येच कोणीतरी ओरडलं, "राखणदाराले घेऊन जा गे मारबत!" सगळे हसले. आमच्यातच चालणारा राखणदारही हसला. शिवेवर फांद्या फेकून आम्ही परत फिरलो, तो मात्र रिकाम्या हातांनी पुढेच चालत राहिला. माझ्या वडिलांनी हाक मारली, "कुठं चालला गा?" वळून न पाहता तो म्हणाला, "तुमीच त धाडून राहिले न मले." चहाच्या वेळेपर्यंत येईल, असं आम्हाला वाटलं. तो आलाच नाही. पुढच्या वर्षी मासे पुन्हा तसेच वर आले, तेव्हा तलावाला राखणदारच नव्हता. आता मी लाखनीत इंग्रजी शिकवतो. शब्दकोशात 'स्केपगोट'चा 'बळीचा बकरा' असा अर्थ दिलाय, पण बायबलमधला हा बोकड कापत नाहीत. सगळ्यांची पापं त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला जिवंतच रानात सोडतात. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, मंग जाते कुठं तो बोकड?" मी सांगतो, पुस्तकात ते दिलेलं नाही.