काठीने ढकललेली पेज

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. लावलंच तर शेजारी काळजीने ठोठावतात. करोनाच्या पहिल्या साली मात्र शेजारच्या काकींना लागण झाली आणि अख्ख्या मजल्याची दारं बंद झाली. काकी एकट्याच राहायच्या. मी रोज त्यांच्यासाठी पेज करायचो आणि टोप उंबऱ्याशी ठेवून कपडे वाळत घालायच्या काठीने आत ढकलायचो. मजल्यावर दुसरं कुणीच आजारी पडलं नाही. आम्ही खूश. काय आमची शिस्त!

दोन वर्षांनी ओमायक्रॉन आला तेव्हाही तीच शिस्त, तीच बंद दारं. सोमवारी जिन्याजवळच्या खोलीत एकाचा घसा खवखवला आणि शुक्रवारी शेवटच्या खोलीपर्यंत सगळे खोकत होते. हा नवा अवतार आमच्या शिस्तीला हिंग लावूनही विचारत नव्हता. लस झालेली होती म्हणून बहुतेकांचं तापावरच भागलं.

खोकत नव्हत्या त्या फक्त काकी. मास्क लावून, पेजेचा टोप घेऊन त्या थेट माझ्या खोलीत आल्या, उशाशी बसल्या आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"काकी, लांब राहा. हा फार पसरतो," मी चिडून म्हणालो.

"पसरू दे," त्या म्हणाल्या. "तो पहिला पसरला नाही, तेव्हा चौदा दिवस मी माणसाचा हात बघितला नाही. फक्त तुझी काठी बघितली."