कुंकू आणि नदीवरचे ढग

“जरा थांबा हो, बघू द्या!” भर रस्त्यात उभं राहून ही म्हणायची. ही म्हणजे आमची बायको. नाव तिच्यादेखत कधी घेतलं नाही, आता काय घ्यायचं? तुमच्याही शेजारी अशी एखादी असेल.

त्या संध्याकाळी तिला लायब्ररीतल्या वर्गातून घरी आणत होतो. अमेरिकेतलं जर्सी सिटी, सत्त्याऐंशी साल. कुंकू दिसलं की आपल्या लोकांवर खार खाणाऱ्या तिथल्या पोरांची टोळकी अंगावर यायची. आमच्या ओळखीतल्या एकाचं डोकं फोडलेलं. बायका घराबाहेर पडताना कपाळ पुसायच्या. हिचं मात्र रुपयाएवढं.

“पूस की गं. घरी आल्यावर लाव.”

“का? चोरी केलीय मी?”

वर्गात एक गोरी बाई जुनी चित्रं दाखवायची. वादळं, फुटकी जहाजं, चांदण्यातले पडके किल्ले. रोमँटिक चळवळ म्हणे. मी गोदामात खोकी उचलणारा, सातवी नापास. मला वाटलं, बागेतली गाणीबिणी.

“तसलं नाही हो. दोनशे वर्षांपूर्वी काही वेडे कवी न् चितारी म्हणाले, सगळं अकलेनं मोजू नका. वादळापुढं उभं राहा, आत काय हलतं बघा.”

“माझ्या आत ॲसिडिटी हलते.”

खूप हसायची. हृदय अधू होतं तिचं, हसली तरी धाप लागायची.

नाक्यावर आलो तर नदीवर ढग उठलेले. काळेकुट्ट, खालून तांबडे. ही थांबली. समोर चार पोरं, एकाच्या हातात बॅट.

“चल.”

“जरा थांबा हो. बाईंच्या चित्रातलंच आहे!”

पोरं रस्ता ओलांडू लागली. एकानं स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून शिवी हासडली. मी हिचा दंड ओढला, हलेना. मग तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

“बाजूला व्हा ना, दिसत नाही!”

म्हातारी एवढं काय बघतेय म्हणून पोरांनीही माना वळवल्या. चौघंही नदीकडं पाहत राहिली. मग बॅटवाला थुंकला आणि सगळी निघून गेली.

घरी तिनं पिठलं-भात केला. जेवून झोपली, ती उठलीच नाही.

सकाळी इस्पितळात नर्स ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होती. गाल झाले, हात कपाळाशी आला. मी नर्सचं मनगट धरलं. इंग्रजी सुचेना.

“जरा थांबा हो.”

नर्स थांबली. घरून निघताना खिशात टाकलेली तिची डबी काढून मी कुंकू लावलं, ठसठशीत. मग लाल बोट तसंच ठेवून चालत नाक्यावर गेलो. आभाळात काही नव्हतं. तरी थांबलो.