नखाएवढ्या कमलबाई

फ्रेममधला फोटो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या शाळेच्या शिपाई कमलबाई उद्या निवृत्त होणार, आणि त्यांच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोनी ठिपके! मी स्टुडिओवाल्याला फोनवर चांगलंच झापलं.

"मॅडम, तुम्ही शाळेच्या वेबसाइटवरचा ग्रुप फोटो दिलात. त्यात कडेला त्या नखाएवढ्या. मोठं करीन हो, पण फोटोत आलंच नाही ते कुठून आणू? त्यांचा एकटीचा फोटो द्या."

तीस वर्षं दर ग्रुप फोटोला त्यांनीच बाकं मांडली, आम्हाला ओळीत बसवलं. एकटीचा फोटो एकही नाही. लाज कशी वाटली नाही आम्हाला?

समोर कमलबाई स्वतःच्याच निरोपाच्या खुर्च्या मांडत होत्या. आणि मोबाइल माझ्या हातातच होता.