न शिकवलेलं कॅल्क्युलस

बारावीत आम्हाला इंटिग्रेशन शिकवलंच नाही. कॉलेजात गणिताची जागा रिकामी होती, त्यामुळे फिजिक्सचे सरच गणिताचे तास घ्यायचे. वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, हा भाग ऑप्शनला टाका, पास व्हायला बाकीचं पुष्कळ आहे. वर्ग खूश झाला. पुढे कोणाला फिजिक्समध्येच डिग्री करायची असेल तर काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आमच्यातून असं कोणी निघेल असं त्यांना वाटलंच नसावं.

आम्ही दोघी निघालो. मी सावली तालुक्यातल्या धान पिकवणाऱ्या घरातली, बसने मूल गावाला जाऊन-येऊन शिकणारी. माझी मैत्रीण मूल गावचीच. तिचे अब्बा गाद्या भरायचे. चंद्रपूरला शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने तिला सांगितलं होतं की बी.एस्सी.ला पहिल्याच दिवसापासून कॅल्क्युलस लागतं, तिथे कोणी थांबत नाही. म्हणून परीक्षा संपल्यावर आम्ही सुट्टीत गणित करायचं ठरवलं.

बसायला जागा एकच होती, गादीच्या दुकानामागची खोली. लग्नसराईचे दिवस, पुढे कापूस पिंजणं चालू. कापूस उडतो म्हणून पंखा लावायचा नाही. चंद्रपूरकडचं ऊन ज्याने सोसलंय त्याला जास्त सांगायला नको. एक जुनं पुस्तक होतं आणि तिच्या फोनवर हिंदीतले व्हिडिओ. त्यातला शिकवणारा दर थोड्या वेळाने म्हणायचा, ये तो आपने बारहवीं में पढ़ा ही है. ती व्हिडिओ थांबवायची, शांतपणे म्हणायची, "नाई पढा," आणि आम्ही मागे जायचो. असं मागे जात जात एकदा दहावीच्या आलेखापर्यंत पोचलो होतो.

तिला माझ्याआधी समजायचं. एका दुपारी तिने प्रवेगाचं इंटिग्रेशन केलं आणि उत्तराला कॉन्स्टंट जोडला, व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून. मग ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

"हा कॉन्स्टंट म्हणजे सुरुवातीचा वेग आहे," ती म्हणाली. "वेळ शून्य ठेवून पाह्य."

मी ठेवून पाहिला. नववीपासून घोकलेलं v = u + at हे सूत्र समोर तयार होऊन बसलं होतं. इतकी वर्षं ते कुठून येतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्या दिवशी मला आनंद झाला असं लिहायला हवं. खरं तर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

प्रवेशाच्या दिवशी चंद्रपूरच्या कॉलेजात फिजिक्सचे विभागप्रमुख विषय ठरवून सही देत होते. त्यांनी आमचे बारावीचे गणिताचे मार्क पाहिले. ते कमीच होते. न शिकवलेल्या भागाचे मार्क कुठून येणार? तिने सांगायचा प्रयत्न केला की सुट्टीत आम्ही सगळं केलंय, काही विचारून बघा. त्यांनी काही विचारलं नाही. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमच्या भागातल्या मुलींना गणित झेपत नाही. बॉटनी घ्या. झाडं तर तुम्ही रोजच पाहता."

तिचे अब्बा सोबत आले होते, दुकान बंद ठेवून, धुतलेला शर्ट घालून. एवढा मोठा सर सांगतो म्हणजे भल्याचंच सांगत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मान हलवली आणि तिला बॉटनी मिळाली. माझे बाबा धानाच्या रोवण्यात अडकले होते, मी एकटीच आले होते. माझ्या वतीने हो म्हणायला कोणी नव्हतं. मी फिजिक्सच पाहिजे म्हणून टेबलासमोरून हललेच नाही, शेवटी वैतागून त्यांनी सही केली. आमच्यात फरक तेवढाच होता. हुशारीचा असता तर तो उलट पडला असता.

पहिलं सत्र ती हॉस्टेलवर माझी गणितं सोडवू लागायची. वर्गात मागे पडले की मी तिच्याकडे जायची आणि ती मला पुढे आणून सोडायची. दुसऱ्या सत्रात मी वही घेऊन गेले तेव्हा ती पानांची चित्रं काढत होती.

"आता मले काय काम त्याचं," ती म्हणाली. मी परत विचारलं नाही.

शेवटच्या वर्षी मी मेरिटमध्ये आले. सत्कार झाला. विभागप्रमुख माइकवर म्हणाले, जंगल भागातली ही मुलगी, हिच्यातला फिजिक्सचा विद्यार्थी आपण पहिल्याच दिवशी ओळखला होता. मग मला बोलायला उभं केलं. मी सांगितलं, सरांनी मला पहिल्या दिवशी बॉटनी घ्यायला सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणीने घेतली, आणि ती गणितात माझ्यापेक्षा चांगली होती.

सभागृह हसलं. सगळ्यांना वाटलं मी गंमत करतेय. सर सगळ्यात जास्त हसले, टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या.

एम.एस्सी.ला नागपूरला निघायच्या आधी मी तिच्या घरी गेले. ती एका शाळेत तासावर विज्ञान शिकवून राह्यली होती. सत्काराचं तिच्या कानावर आलं होतं.

"माझं नाव काऊन काढलंस तिथं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, खरं होतं म्हणून. तिने चहा ठेवला. मी नागपूरचा अभ्यासक्रम सांगायला लागले, तिथे पहिल्याच सत्रात कोणतं गणित आहे ते. तिने गॅस बारीक केला.

"ते नको सांगू," ती म्हणाली.

मग आम्ही चहा प्यालो आणि तिच्या शाळेतल्या रिकाम्या जागांबद्दल बोललो. तिथेही गणिताला कोणी नव्हतं. तिने ते तास मागून पाहिले होते. मुख्याध्यापक म्हणाले, तुमचा विषय बॉटनी आहे.