काकूंच्या गाडीतली फ्रेंच बाई

मालतीकाकूंनी गाडीची किल्ली फिरवली की इंजिनाच्या आधी एक फ्रेंच बाई सुरू व्हायची. रोज, पहिल्या गाण्यापासून. सीडी प्लेयरमध्ये डिस्क अडकून वीसेक वर्षं झाली होती. गॅरेजवाला म्हणाला, डॅशबोर्ड उघडून काढून देतो. काकूंनी त्याला ठणकावलं, "ब्रेक बघ, टायर बघ. तिला हात लावायचा नाही."

मी लंडनमधल्या हॅरोच्या एका टिफिन किचनमध्ये पोळ्या लाटते. काकू तिथले डबे घरोघर पोचवायच्या. वय बहात्तर, कंबर धरलेली, पण गाडी सोडायची नाही. म्हणून डबा दारापर्यंत न्यायला मालकीणबाईंनी मला त्यांच्या सोबत दिलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काकू, ही काय म्हणतेय हो?"

"कुणास ठाऊक!" म्हणाल्या, आणि राउंडअबाउटवर गाडी वळवता वळवता पुढची ओळ मोकळ्या गळ्याने गायल्या. बाजूच्या बसमधली माणसं बघायला लागली. मी सीटमध्ये खाली सरकले.

सीडीची रिकामी डबी समोरच्या खणात असायची. तिच्यावर मोठ्या दातांची, बावरलेली एक मुलगी. पुढे ती इंग्रजीत गाऊन जगभर गाजली, तेव्हा कुठल्याशा कंपनीने तिची पोरवयातली फ्रेंच गाणी गोळा करून ही सीडी काढली. काकूंच्या मुलाने, निखिलने, शाळेतल्या फ्रेंचसाठी ती घेतली. "फ्रेंच त्याला काही आलं नाही. सीडी तेवढी अडकली, आणि हा गेला कॅनडाला," काकू सांगायच्या. मग आवाज वाढवायच्या. "तेव्हा हिला इंग्रजीचा गंध नव्हता. ऐक, कुठे घाबरलीय का?"

मी मात्र सगळ्यालाच घाबरायची. बेलला, फोनला, दारात पडलेल्या सरकारी तपकिरी पाकिटाला. बार्शीला आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. इथे कायमचं राहायचं तर इंग्रजी बोलायची परीक्षा द्यावी लागते, आणि मी ती दोनदा नापास झाले होते. नवऱ्याचे कायमचे कागद झाले होते, मुलगी शाळेत रमली होती. अडले होते मी एकटी. व्हिसाचे तीन महिने उरले होते.

परीक्षेत आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं असतं. क्लासमध्ये सगळ्यांना दिवाळी पाठ करून दिली होती. मी गाडीत ती म्हणून दाखवली. काकूंनी सिग्नलला ब्रेक मारला.

"पुरे. पणत्या, फराळ, फटाके. त्या परीक्षकाला एव्हाना चकल्या करता येत असतील! आणि तू श्वास कुठे घेतेस गं? एका दमात सगळं, मग अडकलीस की संपलीस."

"मग कशावर बोलू?"

"हिच्यावर बोल."

"हिचं मला एक अक्षर कळत नाही, काकू."

"मला तरी कुठे कळतं? शब्द नको धरूस. ती श्वास कुठे घेते ते धर."

मग तेच सुरू झालं. स्टॅनमोर ते वेम्बली, काकू आणि मी, अर्थ माहीत नसलेली गाणी. प्रत्येक दारात मला ढकलायच्या, "जा, श्वास घे, मग बोल." मी "हॅलो, युअर टिफिन" एवढंच म्हणून पळत आले, तर गाडीचं दार लावून घ्यायच्या. "परत जा. त्यांचा गुडघा कसा आहे विचारून ये."

परीक्षेच्या आठवडाभर आधी काकूंना हॉस्पिटलात ठेवलं. परीक्षेला मी एकटीच गेले. अडकलेल्या सीडीबद्दल तयार केलेलं बोलून झालं आणि परीक्षक बाईंनी तयारीत नसलेलं विचारलं, "भाषा कळत नाही, तर आवडतं कसं?"

मागच्या दोन्ही वेळा मी इथेच मुकी झाले होते. मी थांबले. श्वास घेतला. म्हणाले, "फर्स्ट, आय वॉज स्केअर्ड ऑफ हर. नाऊ आय नो व्हेअर शी ब्रीद्स. सो आय ब्रीद ऑल्सो." व्याकरण देव जाणे. बाई हसल्या आणि पुढचं विचारलं.

तशीच हॉस्पिटलात गेले. काकूंचे डोळे मिटलेले. "थांबलीस का मध्ये?" एवढंच विचारलं.

"थांबले, काकू."

"मग झालं."

चौथ्या दिवशी पास झाल्याचा ईमेल आला. काकू आदल्या सकाळी गेल्या होत्या.

निखिल आला. घर आवरून झाल्यावर गाडी उरली. "आईचा गाडी स्क्रॅपला देतो," त्याच्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, आणि मला बसवून किल्ली फिरवली. फ्रेंच बाई सुरू झाली. त्याचा हात बंद करायला पुढे गेला.

"लीव्ह इट," मी म्हणाले. आधी मनात जुळवलं नव्हतं, तोंडातून निघूनच गेलं.

त्याने हात मागे घेतला. दोघंही समोर बघत बसलो. पहिल्या कडव्याआधी ती जिथे श्वास घेते, तिथे मी घेतला. शेजारून त्याचाही ऐकू आला.