दोन कॅमशाफ्ट आणि दिगूभाऊचं भेव

माझा भाऊ घाबरायचा.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून लोक लिहून राह्यले, "निडर माणूस", "वाघ माणूस".
वाचून बरं वाटतं. पण ते खरं नाही.

दिगूभाऊचं आदिलाबादजवळ गुडीहत्नूरला हायवेवर गॅरेज होतं. ट्रॅक्टर, जीप, जे येईल ते. पण जीव रमायचा तो जुन्या परदेशी इंजिनांत.

हैदराबादच्या एका शौकीन माणसाने आपल्या जुन्या अमेरिकन मसल कारचं इंजिन त्याच्याकडे पाठवलं. आठ सिलिंडरचं. सोबत दोन कॅमशाफ्ट. एक मूळचा, एक नवा, रेसिंगवाला.
"दोनो चला के देखो. जो अच्छा लगे वो डालो."

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा. त्याच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटा मोठा, तर इंजिनाचा श्वास मोठा.
हे मला भाऊनेच सांगितलं. मी आदिलाबादला शाळेत शिकवते, ते पण मराठी.

ताकद मोजायचा डायनो त्याने शेडमध्ये स्वतः जोडला होता. इंजिन स्टँडला बोल्टने आवळलेलं. मागे एक शाफ्ट, अन् शाफ्टच्या टोकाला पाण्याने भरलेला ड्रम, त्यात बाजूच्या टाकीतून पाइपाने पाणी यायचं. इंजिन ते पाणी घुसळतं. पाणी हेच त्याचं ओझं.

"अन् पाणी गेलं तर?" मी विचारलं.
"मंग जवळ कोणी नसावं," भाऊ म्हणाला.

त्या दिवशी मला सुट्टी होती. आम्ही दोघं भिंतीच्या अलीकडे, जाड काचेमागे बसलो. माझं काम एकच, ऑइल प्रेशरचा काटा पाहायचा.
"काटा पडला का ओरडजो. दुसरं काई करू नको."

सकाळी जुना कॅम. इंजिन खालपासूनच जोर धरायचं, वर गेल्यावर मात्र दमायचं.

मग पुढचा भाग उघडून नवा कॅम बसवला. चालू केल्यावर इंजिन जागेवरच लंगडल्यासारखं धडधडू लागलं. भाऊचा चेहरा खुलला.
"ऐक शोभे. आवाज ऐक. रेसिंगचा कॅम असाच वाजतो."

मंगलावहिनी दारात उभी होती.
"आवाज चांगला हाय," ती म्हणाली. "पण मले शेडची टिनं हालताना दिसून राह्यले."
"तू बाहेर थांब. आत येऊ नको."

त्याने वेग वाढवायचा लिव्हर हळूहळू ओढला.

तो आवाज कसा सांगू. कानात नाही, छातीत वाजत होता. काच थरथरत होती. काट्यावरून नजर काढायची माझी हिंमत नव्हती. इंजिन वर जातच होतं. सकाळी जिथे दमलं, तिथून पुढे.

अन् मागचं दार उघडलं.

वहिनी आत आली. बाहेरून तिला टिनाच्या फटीतून पाण्याचा पाइप जोडापाशी फुगलेला दिसला होता. हाका मारल्या, पण कोणाला ऐकू जाणार. ती हात हलवत पाइपाकडे बोट दाखवत होती, ड्रमच्या अगदी बाजूला.

भाऊचा हात स्विचकडे गेला. तेवढ्यात पाइप सुटला.

ओझं गेलं. इंजिन किंचाळलं.
स्विच बंद झाला, पण त्याआधी धाडकन काहीतरी तुटलं अन् सगळीकडे वाफ.

मग शांत.

"मंगला," भाऊने हाक मारली.
तो काचेमागून बाहेर आला.
"मंगला. ए मंगला."

तो वाफेत शिरला. शेडच्या मागच्या टिनाला डोक्याएवढ्या उंचीवर भोक पडलेलं मला दिसलं. मी मनात देवाचं नाव घ्यायला गेले, ते पण आठवेना.

वहिनी पाण्याच्या टाकीमागे खाली बसलेली होती. भिजलेली. भाऊ तिच्या तोंडासमोर ओरडत होता अन् ती नुसती पाहत होती. तिचे कान बंद झाले होते. ड्रमच्या शाफ्टचा तुकडा तिच्या बाजूने निघून टिनातून बाहेर गेला होता.

कान दोन-तीन दिवसांनी मोकळे झाले. तेव्हा भाऊ पहिल्यांदा चिडला.
"आत येऊ नको म्हणलं होतं ना तुले?"
"तुमाले ऐकू येत नव्हतं. मंग मी काय करू?"
भाऊ तिच्याजवळ बसून राहिला.

नव्या कॅमची ताकद जास्त भरली होती. तरी त्याने जुनाच बसवला.
मी विचारलं, "काऊन?"
"जुन्यावर ओझं सुटलं असतं तरी ते इंजिन वर जाऊन दमलं असतं. नव्यावर त्याले दमच लागला नाही. रस्त्यावर असं इंजिन मी कोणाच्या हाती देऊ?"

मालकाचा फोन आला, "नया क्यों नहीं डाला?"
भाऊ सरळ म्हणाला, "मेरे को डर लगा, साहब."
मालक म्हणाला, "ठीक है, पुराना ही रहने दो."

इतक्या साधेपणाने कोणी पुरुष हे बोललेला मी तोवर पाहिला नव्हता.

मागच्या वर्षी छातीत दुखायला लागलं. आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. स्ट्रेचरवर त्याचा घाम थांबत नव्हता. नर्स तेलुगूत म्हणाली, "भयपडकु अन्ना." घाबरू नको, दादा.
भाऊ म्हणाला, "भयं उंदम्मा." भीती आहे गं बाई.

मग आमच्याकडे वळला. "मले भेव लागून राह्यलं. तुमी दोघी जाऊ नका."

आम्ही गेलो नाही. एक हात वहिनीकडे, एक माझ्याकडे. मी त्याच्यापेक्षा जास्त घाबरले होते. त्याला ते कळलं असावं, कारण त्याने बोटं घट्ट केली.
ती सैल झाली ते आधी वहिनीला कळलं.

भाऊ, तुला भेव वाटलं ते तू बोललास. म्हणून आम्हाला तुझा हात धरता आला.

तुला मनापासून अखेरचा नमस्कार.